मोडका मिक्सर आणि दुसरं गिऱ्हाईक : मजेशीर ऑनलाइन लिलावांचं गणित

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, किंवा जे लोकलमध्ये हेडफोन विसरून बसलेत, त्यांच्यासाठी या आठवड्याचा एपिसोड लिहून काढतोय. बोलताना जी फाफटपसारा वाक्यं झाली ती कापली आहेत, बाकी मजकूर तोच आहे.

आजचा विषय ऐकायला फालतू वाटेल. जुनी पँट, अर्धवट खाल्लेला ब्रेड, आजोबांची काठी, मुलांनी गुपचूप घेतलेली पत्ती. अशा घरगुती वस्तू लोकांनी ऑनलाइन लिलावात टाकल्या, खाली धमाल वर्णन लिहिलं, आणि त्या मूळ किमतीच्या कितीतरी पट दराने विकल्या गेल्या. हे का झालं? लोक वेडे होते म्हणून? मी सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, मला "लोक वेडे असतात" हे उत्तर पटत नाही. सिस्टिम विचित्र वागत असेल तर तिचे नियम बघायचे. तर आज नियम बघू, किस्से बघू, आणि शेवटी तुमच्या स्वतःच्या खिशाशी संबंध असलेली एक गोष्टही सांगतो.

आधी एक शब्द

"लिलाव" हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्याकडे "लेलाँव"सारखा उच्चार होतो, आपण त्याचा लिलाव केला. पण मराठी कानाला हा शब्द जरा दुःखीच वाटतो, नाही का? बँकेने जप्त केलेल्या घराचा लिलाव होतो. कांदा लिलावाला जातो आणि भाव पडतो. आनंदाचा लिलाव म्हणजे फार तर गणेशोत्सवानंतर मोठ्या मंडळांमध्ये बाप्पाला आलेल्या दागिन्यांचा.

घरातल्या जुन्या वस्तूंसाठी आपल्याकडे लिलाव नव्हताच. बोहारीण होती. जुन्या साड्या द्यायच्या, स्टीलचं पातेलं घ्यायचं. आई म्हणणार, "या तीन साड्यांवर मोठा डबा," ती म्हणणार, "अजून एक शर्ट टाका ताई." किंवा भंगारवाला. किंवा पुण्यातला जुना बाजार. सगळीकडे समोर एकच गिऱ्हाईक आणि घासाघीस. हे लक्षात ठेवा. "एकच गिऱ्हाईक" हा आजच्या गोष्टीतला कळीचा मुद्दा आहे.

सुरुवातच मोडक्या वस्तूने

१९९५ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेत पियरे ओमिड्यार नावाच्या प्रोग्रामरने सुट्टीच्या वीकएंडला एक साईट लिहिली. नाव ऑक्शनवेब. हीच पुढे ईबे झाली. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे त्याचा स्वतःचा लेझर पॉइंटर. तोही बिघडलेला. गेला १४.८३ डॉलरला.

ओमिड्यारला वाटलं घेणाऱ्याची काहीतरी गफलत झालीय. त्याने विचारलं, बाबा, हा चालत नाही हे कळलंय ना? उत्तर आलं की मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो.

हा किस्सा कंपनी स्वतः अभिमानाने सांगते. पण त्याच्या जोडीला अजून एक किस्सा बरीच वर्षं फिरत होता. ओमिड्यारच्या होणाऱ्या बायकोला पेझ नावाच्या गोळ्यांच्या डब्या जमवायचा छंद होता, तिला इतर शौकीन भेटावेत म्हणून त्याने साईट बनवली, वगैरे. गोड गोष्ट, पेपरवाल्यांना आवडली. आणि ती चक्क जनसंपर्क विभागाने रचलेली होती. २००२ मध्ये आलेल्या ईबेवरच्या पुस्तकात कंपनीने ते मान्य केलं. म्हणजे वस्तूला गोष्ट चिकटवली की ती खपते, हे त्या साईटला पहिल्यापासून ठाऊक होतं. तिने स्वतःला तसंच खपवलं.

आता नियम : भाव कोण ठरवतं?

थोडं गणित. घाबरू नका, बेरीजच आहे.

समजा मी एक जुनी पितळी किटली लिलावात टाकली. सुरुवातीची बोली ५० रुपये, पुढची प्रत्येक वाढ २० रुपयांची. अमितला किटली फारच आवडली. तो सिस्टिमला सांगतो, "माझी कमाल मर्यादा ८०० रुपये." सिस्टिम हा आकडा कोणाला दाखवत नाही. ती अमितच्या वतीने गरजेपुरतीच बोली लावते. दुसरं कोणी नसेल तर अमितला किटली किती रुपयांना मिळेल? ५० ला. मनात ८०० असले तरी.

आता बकुळ आली. तिची मर्यादा ५००. सिस्टिम दोघांना झुंजवते. बकुळ ५०० ला थांबते, अमित एक पायरी वर जातो. किटली अमितला ५२० ला मिळते.

मग चंदू आला. मर्यादा ७००. आता अमितला ७२० मोजावे लागतात.

नीट बघा काय झालं. तीनही वेळा किटली अमितनेच जिंकली. अमितची हौस तीच, ८०० ची. पण भाव ५० वरून ५२० वर गेला, तिथून ७२० वर. म्हणजे भाव जिंकणारा ठरवत नाही. भाव हरणाऱ्यांमधला सगळ्यात हौशी माणूस ठरवतो. दुसरं गिऱ्हाईक.

या पद्धतीचा सैद्धांतिक अभ्यास विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडला (आडनाव खरंच विक्री, मी कोटी करत नाहीये), आणि १९९६ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल जाहीर झालं. घोषणेनंतर तीनच दिवसांत तो वारला. गंमत म्हणजे पोस्टाची तिकिटं जमवणारे लोक टपालाने चालणाऱ्या लिलावांत हीच युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वापरत होते. शौकिनांना जे जमलं होतं त्याला गणित नंतर मिळालं.

आता मजेशीर वर्णनाचं काम काय ते कळेल. किटलीचा शोध घेणारा अमित "पितळी किटली" सर्च करून आपोआप येतो. पण बकुळ आणि चंदू किटली शोधतच नव्हते. त्यांना कोणीतरी लिंक पाठवली, "हे वाच, पोट दुखेल हसून." ते हसायला आले आणि हसता हसता शंभर-दोनशेची बोली लावून गेले. फिक्स्ड प्राइसच्या दुकानात हसून निघून जाणाऱ्याचा दुकानदाराला काही उपयोग नसतो. लिलावात हसायला आलेला माणूससुद्धा भाव चढवतो. त्याच्या पुढे ज्यांना नेमकी तीच गोष्ट हवी झाली, ते तर जिंकतातच.

गाजलेले किस्से

२००४ मध्ये सिअॅटलमधल्या एका माणसाने घटस्फोटित बायकोचा लग्नाचा ड्रेस विकायला काढला. त्याला कोणीतरी सांगितलं की ड्रेस अंगावर घातलेला दिसला तर चांगला भाव येतो. घरात मॉडेल कुठली? मग त्याने तो स्वतःच घातला आणि फोटो काढले. धट्टाकट्टा, दाढी-टॅटूवाला माणूस, पांढरा शुभ्र गाउन. खाली आपल्या मोडलेल्या लग्नावर टोमणे, आणि अपेक्षा एवढीच की बेसबॉलच्या मॅचची एक-दोन तिकिटं आणि थोडी बिअर निघावी. लिंक जगभर फिरली. मध्येच थट्टेखोरांनी कोट्यवधी डॉलरच्या खोट्या बोली लावल्या, त्या काढून टाकाव्या लागल्या. शेवटी बोली ३,८५० डॉलरवर थांबली.

२००७ मध्ये शिकागोजवळ राहणाऱ्या सहा मुलांच्या एका आईने पोकेमॉनची पत्ती विकायला काढली. वर्णन पत्त्यांचं नाहीच. सहा मुलांना घेऊन किराणा आणायला जाणं म्हणजे काय, याचं. एक पळतोय, एक रडतोय, एक काहीतरी चाटतोय, आणि या गोंधळात कोणीतरी पत्त्यांचं पाकीट ट्रॉलीत सरकवून दिलं. घरी आल्यावर पकडले गेले, आणि शिक्षा म्हणून पाकीट थेट लिलावात. दुकानात काही डॉलरला मिळणारी ती पत्ती १४२.५१ डॉलरला गेली. घेणाऱ्याने पत्ती घेतली की त्या माउलीला दाद दिली? मला तर दुसरंच वाटतं. आपल्याकडे डी-मार्टमध्ये पोरांना घेऊन गेलेल्या कुठल्याही आईला ते वर्णन वाचून दाखवा, तीही बोली लावेल.

आणि २००८ मध्ये व्हर्जिनिया राज्यातल्या दोन बहिणींना नाश्त्याच्या डब्यात इलिनॉय राज्याच्या नकाशासारखा दिसणारा एक कॉर्नफ्लेक सापडला. एकच कॉर्नफ्लेक. ईबेने लिलाव रद्द केला, कारण खाद्यपदार्थांचे नियम. मग बहिणींनी कॉर्नफ्लेक विकायचा सोडून "कॉर्नफ्लेकवर वटवता येईल असं कुपन" विकायला काढलं. या जुगाडाला मनापासून सलाम. गेलं १,३५० डॉलरला.

हसण्याखाली काय दडलंय

आता जरा थांबून बघा. वरच्या यादीत घटस्फोट आहे, दमलेली आई आहे. लोक घरातली साधी वस्तू तेव्हाच विकतात जेव्हा घरात काहीतरी बदलतं. कोणी गेलं, लग्न मोडलं, घर सोडलं, मूल मोठं झालं. विनोद हा त्या बदलाकडे बघायचा एक मार्ग असतो.

याचं मला सगळ्यात भिडलेलं उदाहरण म्हणजे २००४ च्या डिसेंबरमधली काठी. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली एक बाई. तिचे वडील वारले. तिच्या सहा वर्षांच्या मुलाला वाटायला लागलं की आजोबांचं भूत घरातच आहे. पोरगं रात्री घाबरायचं. समजावून उपयोग होईना. मग तिने आजोबांची चालायची काठी लिलावात काढली, "सोबत भूत" असं सांगून. वर एक विनंती केली. जो कोणी घेईल त्याने माझ्या मुलाला एक पत्र लिहावं, की काठी पोचली आणि आजोबाही पोचले, इकडे मजेत आहेत.

वाचणारे हसले, टिंगलही झाली, बातम्या झाल्या. काठी ६५,००० डॉलरला गेली. घेणारा एक ऑनलाइन कॅसिनो होता. त्याच कॅसिनोने महिनाभर आधी फ्लोरिडातल्या एका बाईकडून दहा वर्षं जपून ठेवलेलं, मेरी मातेचा चेहरा दिसतो असं म्हटलेलं चीज सँडविच २८,००० डॉलरला घेतलं होतं. त्यांच्यासाठी ही स्वस्तातली जाहिरात. आकड्याचं सोडा. त्या आईने विकायला नेमकं काय काढलं होतं? एका लहान मुलाची भीती. आणि ती घराबाहेर नेऊन पोचपावती देणारं कोणीतरी तिला हवं होतं. आपल्याकडे अशा वेळी आजी मीठ-मोहऱ्या ओवाळते आणि त्या चुलीत टाकते. तडतड आवाज आला की मूल शांत झोपतं. त्या बाईकडे आजी नव्हती, ईबे होतं. दोन्हीकडे मुलाला पुरावा हवा असतो.

गोष्टीची किंमत मोजता येते का?

येते, आणि कोणीतरी मोजली आहे. २००९ मध्ये रॉब वॉकर आणि जोशुआ ग्लेन या दोन अमेरिकन लेखकांनी "सिग्निफिकंट ऑब्जेक्ट्स" नावाचा प्रयोग केला. जुन्या बाजारातून शंभर किरकोळ वस्तू घेतल्या. खेळणी, पेपरवेट, मग, बाहुल्या. सरासरी सव्वा डॉलरला एक, एकूण खर्च १२८.७४ डॉलर. मग प्रत्येक वस्तूसाठी एकेका लेखकाकडून काल्पनिक गोष्ट लिहून घेतली आणि वस्तूच्या वर्णनाच्या जागी ती टाकून ईबेवर लिलाव केला. तीन डॉलरची एक रशियन बाहुलीवजा मूर्ती १९३.५० डॉलरला गेली. सगळ्या मिळून आले ३,६१२.५१ डॉलर. म्हणजे जवळजवळ २८ पट.

इथे महत्त्वाचं काय? गोष्ट काल्पनिक आहे हे खाली स्पष्ट लिहिलेलं असायचं, लेखकाच्या नावासकट. कोणाला फसवलं नव्हतं. घेणाऱ्याला वस्तूसोबत गोष्टीची छापील प्रत मिळायची आणि पैसे लेखकाला जायचे. खोटं आहे हे माहीत असूनही लोकांनी जास्त पैसे दिले. म्हणजे ते बाहुलीचे पैसे देत नव्हते. ती शेल्फवर ठेवून पाहुण्यांना "हिची एक गोष्ट आहे, सांगू का?" म्हणण्याचे पैसे देत होते.

दोष लिहिल्याने भाव का वाढतो?

आता अजून एक नियम, थोडा उलटा वाटणारा. या जाहिरातींमध्ये विकणारा स्वतःच्या वस्तूची बदनामी करतो. "माझी दुर्दैवाने असलेली लेदर पँट" अशा थाटाच्या मथळ्याची एक जाहिरात प्रसिद्ध आहे. तरी ती खपते, किंबहुना त्यामुळेच खपते.

जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला गाडीचे दोष माहीत असतात, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा प्रत्येक गाडी खटाराच आहे असं धरून कमी भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, एवढ्यात कशाला विकू? तो बाजारातून निघून जातो. उरतात फक्त खटारे. २००१ मध्ये याच कामासाठी नोबेलचा वाटा त्याला मिळाला.

यावर उपाय? दोष आधीच लिहून द्या. ग्रेगरी लुईस यांनी २०११ मध्ये ईबेवरच्या जुन्या गाड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसलं की फोटो आणि लेखी तपशील हे एक प्रकारच्या करारासारखं काम करतात. लिहिलंय म्हणजे विकणारा त्याला बांधला गेला. आणि जो माणूस स्वतःहून "झाकण बसत नाही" लिहितो, तो "मोटर उत्तम आहे" म्हणतो तेव्हा आपल्याला खरं वाटतं.

हे मी जवळून बघितलंय. आम्ही चौघांनी वाकडचा भाड्याचा फ्लॅट सोडला तेव्हा सामान ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विकायला काढलं. मिक्सरची पहिली जाहिरात एका रूममेटने टाकली. "वापरलेला मिक्सर, चांगल्या कंडिशनमध्ये, १,००० रुपये, घासाघीस नाही." दोन दिवस शांतता. एक अंगठाही नाही. मग आम्ही बसून ती पुन्हा लिहिली आणि लिलाव ठेवला, शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत.

"मिक्सर. वय ६ वर्षं. चटणीच्या भांड्याचं झाकण हाताने दाबून धरावं लागतं, नाहीतर चटणी छतावर जाते. डाग पुरावा म्हणून दाखवला जाईल, घरमालकाने बघितलेला आहे. १ नंबरवर चालत नाही. २ वर चालतो. ३ वर शेजारी येतात. इडलीचं पीठ एक नंबर होतं. पुरणाचा अनुभव नाही, चौघेही बॅचलर आहोत. बोली १०० रुपयांपासून."

शुक्रवारपर्यंत तो ६४० ला गेला. घेणारी टेस्टिंग टीममधली होती. ती म्हणाली, "नोन इश्यूजची लिस्ट आधीच दिलीये, असं रिलीज मला ऑफिसात कधी मिळालं नाही." तिच्याविरुद्ध बोली लावणाऱ्याला मिक्सर नकोच होता, त्याला फक्त ग्रुपवर गंमत चालू ठेवायची होती. बघा, दुसरं गिऱ्हाईक! तिच्याकडून पुढे एकही तक्रार आली नाही. येणार कशी? सगळं लिहूनच दिलं होतं.

विनोद आणि फसवणूक, यातली रेष

आता खिशाची गोष्ट. हीच शब्दांची करामत उलटीही वापरता येते.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या एका १९ वर्षांच्या मुलाने ईबेवर ४५० पौंड मोजून एक्सबॉक्स वन घेतला. घरी आला फक्त एक्सबॉक्सचा फोटो. जाहिरातीत "फोटो" हा शब्द होता, गेम कन्सोलच्या कॅटेगरीत लपवलेला. विकणारा म्हणू शकतो, मी तर लिहिलं होतं. ईबेने ते ऐकलं नाही, मुलाला पैसे परत मिळाले.

मजेशीर जाहिरातीत दोष ठळक असतो आणि लबाड जाहिरातीत दोष लपलेला असतो. रेष तिथे आहे. म्हणूनच त्या चीज सँडविचचा लिलाव ईबेने आधी काढून टाकला होता. नियम असा की थट्टा म्हणून केलेली जाहिरात चालणार नाही. विकणारीने वस्तू खरंच आहे आणि खरंच देणार असं पटवल्यावर तो परत लागला. हसवा, पण वस्तू द्यावी लागेल. २००६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन माणसाने अख्खा न्यूझीलंड देश एका सेंटपासून लिलावात काढला, बोली ३,००० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत गेली, मग ईबेने तो बंद केला. आणि आपल्याकडे २०२० च्या एप्रिलमध्ये, लॉकडाऊनमध्ये, कोणीतरी ओएलएक्सवर स्टॅच्यू ऑफ युनिटी ३०,००० कोटींना विकायला टाकला. त्यावर गुजरातमध्ये थेट गुन्हा नोंदला गेला. जे आपलं नाही ते विकायला काढलं की थट्टा महाग पडू शकते.

पण भारतात खरा धोका बहुतेकदा घेणाऱ्याचं सोंग करणाऱ्याकडून असतो. तेव्हाच आमच्या दुसऱ्या रूममेटने लोखंडी पलंग एका सार्वजनिक साईटवर टाकला होता. दहा मिनिटांत फोन. "मी आर्मीत आहे, पुण्यात बदली झालीय, पलंग फायनल, पूर्ण पैसे आत्ता पाठवतो." घासाघीस नाही, बघायला येणं नाही. पुण्यात! मग व्हॉट्सअॅपवर क्यूआर कोड आला, "हा स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील." स्कॅन केल्यावर अॅपने पिन मागितला, आणि तिथे आम्ही फोन ठेवला.

नियम एकच आणि पाठ करून ठेवा. यूपीआयमध्ये पैसे घेताना पिन लागत नाही. क्यूआर स्कॅन करून पिन टाकला की पैसे जातातच. घरी आई-बाबांनाही सांगा, कारण जुना सोफा विकायला तेच काढतात. पैसे गेलेच तर क्षणाचाही वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

मग आता अशा जाहिराती दिसत का नाहीत?

तीन कारणं.

एक, ईबेवरच लिलाव कमी झाले. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे बहुतांश माल लिलावाने जायचा. पुढे लोकांना सात दिवस वाट बघण्यापेक्षा ठरलेल्या भावात लगेच घेणं सोयीचं वाटायला लागलं. आणि ठरलेल्या भावात दुसऱ्या गिऱ्हाइकाला काही कामच उरत नाही.

दोन, मोबाइल. जुन्या वेबपेजवर वर्णन समोर असायचं. आज अॅपमध्ये फोटो, भाव, बटण. वर्णन कुठेतरी खाली, "आणखी वाचा"च्या आत. विनोदाला जागाच नाही.

तीन, आपल्या देशापुरतं. मुंबईची बाझी डॉट कॉम २००० मध्ये सुरू झाली, २००४ मध्ये ईबेने ती सुमारे ५ कोटी डॉलरला घेतली, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबेची भारतीय साईट बंद झाली. आता उरलेल्या साईटवर परत तेच, एक गिऱ्हाईक आणि "लास्ट किती?" म्हणजे आपण फिरून बोहारणीकडे आलो, फक्त ती पातेलं देत नाही.

तुम्हाला काही विकायचं असेल तर

– मथळ्यात विनोद नको. तिथे सर्चमध्ये लागणारे साधे शब्द. "टेबल फॅन, १२ इंची." गंमत खाली.

– सगळ्यात मोठा दोष पहिल्या दोन ओळींत. फोटोतही दाखवा.

– वस्तूची गोष्ट खरी असू द्या. रचलेली असेल तर रचलेली आहे असं लिहा.

– विनोद स्वतःवर किंवा वस्तूवर. आधीच्या मालकावर, घरातल्या माणसांवर नको. त्या गाउनवाल्याच्या बायकोची बाजू कोणी ऐकली नाही, हे विसरू नका.

– सोसायटीचा किंवा ऑफिसचा ग्रुप असेल तर भाव सांगण्यापेक्षा छोटा लिलाव ठेवा. कमी बोलीपासून सुरू करा, वेळ ठरवून द्या. मात्र शेवटच्या मिनिटाला बोली आली तर दहा मिनिटं वाढवायचा नियम आधीच सांगा. अॅमेझॉनने १९९९ मध्ये लिलाव सुरू केले तेव्हा असाच नियम ठेवला होता, आणि अभ्यासकांना दिसलं की त्यामुळे तिथे शेवटच्या सेकंदाला टपून बसणारे ईबेपेक्षा बरेच कमी होते.

– पत्ता, गाडीचा नंबर, बिलावरचं नाव फोटोत येऊ देऊ नका.

तर मंडळी, या वीकएंडला घरातली एक अशी वस्तू शोधा जी कोणी वापरत नाही आणि कोणी टाकूही देत नाही. ती विकू नका लगेच. आधी फक्त तिची सहा ओळींची जाहिरात लिहा, दोषांसकट, आणि घरच्या ग्रुपवर टाका. काय सांगता, पहिली बोली आईचीच येईल, "खबरदार विकलीस तर" अशी. ती वस्तूची खरी किंमत समजा.

जाहिराती मला पाठवा, चांगल्या पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो. भेटू!